रिकामी ट्रॉली वाजत नाही

नवेगाव बांध,
२ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. तब्येत चांगली असेल, जेवणखाण वेळेवर होत असेल, असं धरून चालते. आमच्याकडे उन्हाळी धानाची रोवणी आटोपली, इटियाडोहचं पाणी कालव्याला सुटलं आहे. तुझी लाल गाय व्यायली. कालवड झाली.

एक प्रश्न आधीच विचारून टाकते, कारण तो पोटात ठेवून बाकीचं लिहिता येणार नाही. मेलेल्या माणसाला गचके लागतात का? मी बी.एस्सी. झाले, घरातली पहिली पदवी माझी, गावात मला 'सायन्सवाली' म्हणतात, आणि मला याचं उत्तर येत नाही. पुस्तकातलं उत्तर येतं. ते पुरत नाही.

तुझा पत्ता इंद्रकुमारने दिला. शाळेत तुझ्या बाकावर बसायचा तो. आता रायपूरच्या ट्रकवर असतो. राजनांदगावला हायवेवर त्याच्या ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तुटला, तो एका पाटेवाल्याकडे थांबला आणि गाडीखालून जो माणूस बाहेर आला तो तू. म्हणाला, "वळखलं नाही का वळखून चूप राहिला, देव जाणे." तुझा जुना नंबर लागत नाही, म्हणून हे पत्र. तू पाट्यांचं काम करतोस हे ऐकून मला बरं वाटलं. मला जे विचारायचं आहे ते पाट्यांबद्दलच आहे.

मी एक ट्रॉली केली आहे. पिकअपच्या मागे जोडायची. तिच्यातून धान जात नाही, गिट्टी जात नाही. माणसं जातात, शेवटची.

आईला गोंदियाच्या दवाखान्यातून आणलं तो दिवस मला उकरायचा नाही. पण ट्रॉली त्या दिवसातूनच निघाली. तू चालवत होतास, मी तुझ्या शेजारी होते, बाबा मागे डाल्यात आईचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तू आधी वेगात होतास. बाबा ओरडले. मग तू हळू केलीस. मग आणखी हळू. गोरेगाव गेलं, कोहमारा आलं, गाडी बैलगाडीसारखी चालली होती आणि तरी दर खड्ड्याला मागून, आईचं अंग पत्र्यावर आपटल्याचा, तो आवाज येतच होता. अंगणात उतरल्यावर बाबा साऱ्या लोकांसमोर म्हणाले, "माह्या बायकोले धानाच्या पोत्यासारखी आणली तू." तू किल्ली ओट्यावर ठेवलीस. तेरवीलाही थांबला नाहीस.

त्यानंतर मी पाहत गेले, की हे फक्त आपल्याच घरी झालेलं नाही. ज्या गाडीतून प्रेत आलं, तिच्यात लोक पुन्हा धान टाकायला कचरतात, म्हणून गाडीवाले सरळ नाही म्हणतात. जंगलाकडच्या पाड्यांवर तर कोणी यायलाच तयार नसतं. घाट लांब, आणि खांदा देणारी पोरं नागपूरला, रायपूरला, सुरतेला. मग मला वाटलं, मागून जोडायची एक वेगळी ट्रॉली असावी. काम झालं की सोडून बाजूला उभी करायची. पिकअप धानाची धानालाच राहील आणि माणसाचा मानही राहील. बचत गटात बोलले तेव्हा बायकांनी तोंडाला पदर लावले. सुमित्राकाकू म्हणाली, "लग्नाच्या वयात पोरीले तिरडीचा धंदा सुचून राहिला." पण दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी तीच आली, घरातल्या दोन गोधड्या घेऊन. आत गादी करायला.

आणि बाबांनी मला पिकअप शिकवली. तुला खरं वाटणार नाही. शेजारी बसून, एक शब्द न रागावता.

ट्रॉली बनवायला आम्ही गोंदियाला गेलो. मुर्रीच्या रस्त्यावर कैलाश नावाच्या माणसाचं ट्रॉल्या जोडायचं दुकान आहे.

"क्या ढोना है मॅडम? सीमेंट, गिट्टी?"

"माणूस."

"मजदूर लोग?"

"मेलेला माणूस."

त्याने वर केलेला वेल्डिंगचा मुखवटा परत तोंडावर ओढून घेतला. आतूनच म्हणाला, "फिर सस्पेंशन काहे को पूछ रही हो? वो कौनसी शिकायत करनेवाला है?" दुकानातली सगळी माणसं हसली. बाबा दाराशी टायरवर बसले होते. तिथूनच बोलले, "तो बोलत नाही गा, म्हणून तं आपणच इचारा लागते." मुखवटा पुन्हा वर झाला.

कैलाशने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा एक्सल दाखवला. त्याला पाटेच नसतात, चाकावर सरळ सांगाडा. मग जीपचे जाड पाटे दाखवले, "लाइफटाइम" म्हणाला. मी म्हटलं, ज्याला बसायचं आहे त्याचं लाइफटाइम संपलेलं आहे. त्याच्याकडे नागपूरच्या कुणा व्यापाऱ्याचं रंगीत पुस्तकही होतं, त्यात रबराचा एक्सल होता, हवेचे फुगे होते. फुगा पाड्यावर फुटला तर दुरुस्त कोण करणार, म्हणून तो मीच खोडला. माझ्या डोक्यात एकच होतं: पाटा वजनासाठी असतो, आणि आपलं वजन म्हणजे एक माणूस, तोही बहुतेक आजारपणाने वाळलेला. हजार किलोच्या पाट्यावर पन्नास किलो ठेवले तर पाटा दबतच नाही. खड्डा जसाच्या तसा वर पोचतो.

हे मी कैलाशला नुसतं तोंडाने सांगितलं नाही, करून दाखवलं. आपल्याच पिकअपच्या डाल्यात काठोकाठ पाण्याचा लोटा ठेवला आणि मुर्रीच्या कच्च्या रस्त्यावर अगदी पायी चालल्यासारखी गाडी नेली. लोटा अर्धा झाला. मग मागचे जादा पाटे काढायला लावले, जे बाबांनी धानाच्या पोत्यांसाठी आत टाकून घेतले होते. तोच रस्ता, तोच वेग. थोडं पाणी हिंदळलं, बस.

बाबा दोन्ही वेळा मागे लोट्याजवळ बसले होते. उतरले आणि बराच वेळ त्या काढून ठेवलेल्या पाट्यांकडे पाहत राहिले. म्हणाले, "हे पाटे तं मीच टाकले होते." परत येताना कोहमाऱ्याला चहा घेतला तेव्हा पुन्हा म्हणाले, "मंग गाडी त्यानं नाही आपटली." दादा, हे वाक्य तुला द्यायचं राहून गेलं होतं. ते तुझं आहे. हळू चालवूनही तो आवाज थांबला नसता. कोणीही चालवली असती तरी.

शेवटी ट्रॉलीला एका भंगारातल्या लहान व्हॅनचे पातळ पाटे घेतले. नुसते पातळ पाटे घेतले तर ट्रॉली पाळण्यासारखी झुलत राहते, म्हणून दोन्ही बाजूंना शॉकअप लावले. हूकबद्दल कैलाशशी पुन्हा वाद. तो ट्रॅक्टरचं पिनेचं हूक लावत होता. पिनेत खेळ असतो; ब्रेक मारला की ट्रॉली येऊन आपटते, गाडी उचलली की मागे हिसका बसतो. मी गोळ्याचं हूक घेतलं. पिकअपला गोळा, ट्रॉलीच्या दांड्याला वाटी, वाटी गोळ्यावर बसवून खटका दाबायचा. खेळ नाही, हिसका नाही. खालून दोन साखळ्या, एकमेकींवरून फुली मारून, म्हणजे हूक सुटलंच तर दांडा जमिनीत न रुतता साखळ्यांवर पडेल.

मग बुधरामबाबाने खोट काढली. तू त्याला ओळखतोस, गावातली प्रत्येक तिरडी तोच बांधतो. म्हणाला, "विसाव्यावर काय करशील व पोरी?" घरापासून घाटाच्या अर्ध्या वाटेवर तिरडी खाली टेकवतात, फिरवतात, पुढचे मागे होतात आणि मगच पुढे नेतात, हे मी विसरलेच होते. ट्रॉलीतसुद्धा ते झालंच पाहिजे, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, तळाला चकरी बसवू, आतल्या आत फिरेल. "माणूस हाय का मंडईच्या जत्रेतला पाळणा?" म्हणाला. मी ऐकलं. विसाव्यावर दार उघडून तिरडी बाहेर काढायची, भुईला टेकवायची, फिरवून पुन्हा आत घ्यायची, असं ठरलं.

पण त्यात एक गोम निघाली. माणसाचं वजन डोक्याकडच्या अंगाला जास्त असतं. घरून निघताना डोकं पुढे, तेव्हा ट्रॉलीचं नाक पिकअपवर नीट टेकतं. विसाव्यानंतर पाय पुढे. नाक हलकं होतं, आणि नाक हलकं झालेली ट्रॉली मागे शेपूट हलवायला लागते. पहिल्याच फेरीला तसं झालं. मागून चालणारे लोक थांबलेच. कोणीतरी म्हणालं, "परत फिराले पाहून राहिली बुढी." मी घाटावर सगळ्यांना नाकाच्या वजनाचा हिशोब समजावून सांगितला. एकूण वजनाचा दहावा हिस्सा तरी नाकावर हवा, म्हणून. बुधरामबाबाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे परतच फिराले पाहते ना." नंतर मी आतला पलंग रुळावर बसवला. विसाव्यानंतर तो थोडा पुढे सरकवून अडकवायचा. शेपूट हलणं बंद झालं.

आता जे विचारायचं आहे ते.

रिकामी ट्रॉली वाजते. तुला मी सांगायला नको. साखळ्या खणखणतात, दाराचा पत्रा धडधडतो, पाटे हलके असल्यामुळे सगळं उसळतं. माणूस आत असला की ती गप्प होते आणि घाटावरून परतताना पुन्हा वाजत येते. लोक घरात बसून आवाजावरून सांगायचे, सायन्सवाली सोडून आली. मला तो आवाज आवडायचा. काम झालं असं वाटायचं.

कार्तिकात एक फेरी झाली. तिच्याबद्दल नंतर लिहीन. त्या फेरीहून परतताना ट्रॉली वाजली नाही.

मला वाटलं, मीच भानावर नाही, म्हणून ऐकू येत नाही. घरी आले, अंगणात लावली. दुसऱ्या दिवशी नुसतीच जोडून कालव्याच्या वाटेने नेली. कालवा जिथे पाझरतो तिथे चिखल असतो. थांबून मागे पाहिलं. रिकाम्या ट्रॉलीच्या चाकोऱ्या भरलेल्या ट्रॉलीसारख्या खोल उमटल्या होत्या. पिकअपच्या मागचा भाग बसलेला, जसं हूकवर कोणी वजन टाकावं.

दादा, मला भुताखेतांवर विश्वास नाही हे तुला माहीत आहे. अजूनही नाही. पण वजनावर आहे. धानाचा ताणकाटा आणून दांडा उचलला. नाक जड होतं, रिकामी असताना असावं त्याहून पुष्कळ जड. मग मी तुझ्या पद्धतीने एकेक कारण काढत गेले. बेअरिंग उघडून पाहिलं. पाटे पाहिले, तडा नाही. कैलाशकडे नेली. तो म्हणाला, "पाइप में पानी भरा होगा," कारण सांगाडा पोकळ पाइपचा आहे. मलाही पटलं. त्याने खालून ड्रिलने भोक पाडलं. एक थेंब पडला नाही. भोकातून थोडी हवा आली तेवढी, त्याच्या हाताला लागली. त्याने हात पँटला पुसला आणि म्हणाला, "मॅडम, पैसा रहने दो. गाडी ले जाओ."

आणखी एक. मी वेगात असले आणि पुढे खड्डा असला की मागून ओढ लागते. ब्रेक मारल्यासारखी नाही. हात धरल्यासारखी. मी हळू केलं की ओढ सुटते. ट्रॉलीला ब्रेक नाही. आहे का असं कुठलं हूक, कुठला पाटा, ज्याला खड्डा आधी कळतो? तुझ्या दुकानात कधी पाहिलं आहेस?

माघात शेवटची फेरी झाली. पलीकडच्या पाड्यावरची दुर्पताबाई, मोहफुलं वेचणारी, आपल्याकडे डिंक घेऊन यायची ती. तिच्या मुलाने स्वतः येऊन विचारलं म्हणून मी गेले. तिला मी माझ्या हाताने पलंगाच्या मधोमध घेतलं, पट्टे आवळले. वाट पाड्याची, पण ट्रॉली पाण्यावरून जावी तशी गेली. घाटावर दार उघडलं तर ती डाव्या कडेला, पत्र्याला लागून होती. पट्टे सुटलेले नव्हते. उजवीकडे एक माणूस आडवा होईल एवढी जागा मोकळी. गोधडी तिथे दबलेली.

सगळ्यांनी पाहिलं. मग बुधरामबाबा हळूच म्हणाला, "सरकून जागा देली तिनं."

आपल्याकडे भरलेल्या गाडीत कोणी चढलं की आधीचे सरकतात, न सांगता. तसं.

त्यानंतर मला कोणी बोलावत नाही. तोंडावर कोणी काही म्हणत नाही, पण मागच्या आठवड्यात एका घरी मी आपणहून गेले तेव्हा म्हातारीचा नातू दारातच आडवा आला. "ताई, तुमच्या ट्रॉलीत पयलेच कोणी हाय. आमच्या बुढीले दाटीवाटीनं नाही न्यायचं." आणि त्यांनी तिला एका धानाच्या पिकअपमध्ये नेलं, जाड पाट्यांच्या. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून तो आवाज ऐकला. तोच आवाज, दादा. मी हे सगळं ज्या आवाजासाठी केलं, तो माझ्यासमोरून गेला आणि मी काही करू शकले नाही.

हे असंच राहिलं तर ट्रॉली गंजून जाईल आणि माणसं पुन्हा पोत्यासारखी जातील. माझा प्रश्न एवढाच आहे. तू येऊन ती पाहशील का?

इथवर लिहून थांबते. खरं लिहायचं ते लिहिलं नाही, ते उद्या लिहीन.

राजनांदगाव,
४ मार्च, सकाळ

दादा,

वरचं पत्र टाकलं नाही. सोबतच घेऊन निघाले. आता तुझ्या दुकानासमोर, रस्त्याच्या या बाजूला, पिकअपच्या केबिनमध्ये बसून लिहिते आहे. दुकान अजून उघडलेलं नाही. पाटी वाचली. पाट्यांचा ढीग पाहिला. त्यातला कुठला तू उचलतोस, कुठला तुझ्या हाताखालचे उचलतात, असं मनात करत बसले होते.

कार्तिकातली ती फेरी बाबांची होती.

असं लिहायला नको होतं, पण दुसरं कसं लिहू? पत्राच्या सुरुवातीला लिहिता आलं नाही. तुला निरोप द्यायला तुझा नंबर नव्हता, आणि तुझा पत्ता मिळाला तो तेरवी होऊन गेल्यावर. तू आला नाहीस असं मी कोणालाही म्हणू दिलं नाही. तुला माहीतच नव्हतं.

धान कापणीच्या दिवसांत त्यांना दम लागायला लागला. गोंदियाला नेलं. चार दिवस बरे होते, कॉटवर बसून शेजारच्या पेशंटला पाट्यांबद्दल सांगत होते, "पाटा जाड म्हंजे चांगला, असं नसते गा." शेवटच्या दुपारी मला म्हणाले, "तुह्या ट्रॉलीतून नेशील ना?" मी म्हटलं, असं काय बोलता. म्हणाले, "नेशील तं एक कर. मले विसाव्यावर उतरवू नको. तुह्या धर्मेंद्रदादाशी बोललो नाही मी. तो आला का मंग उतरवजो. त्याच्या हातानं."

मी 'हो' म्हटलं. दवाखान्यात माणूस कशालाही हो म्हणतो. पण मी मनापासून म्हटलं होतं.

गोंदियाहून त्यांना आणताना मी एकदाही हिसका बसू दिला नाही. हे तुला सांगायचं होतं. त्यांचा चेहरा घरी पोचल्यावर झोपेतला वाटत होता, आईचा नव्हता वाटत तसा.

दुसऱ्या दिवशी विसाव्याला, मोहाच्या झाडाखाली, बुधरामबाबाने दाराला हात घातला. मी दारासमोर उभी राहिले. म्हटलं, उतरवायचं नाही, त्यांनीच सांगितलं आहे. तो म्हणाला, "अव पोरी, विसावा नाही देला तं माणूस वाटेवरच राहते. ना घरचा ना घाटचा." लोक कुजबुजले. मी त्यांना तसंच पुढे नेलं, डोकं पुढे, न फिरवता. अग्नी मी दिला. त्याबद्दल कोणी काही बोललं नाही, बाबांनी मला गाडी शिकवलेली सगळ्यांनी पाहिली होती. पण विसाव्याबद्दल अजून बोलतात.

आणि येताना ट्रॉली वाजली नाही. आता तुला कळलं असेल.

मी वाट पाहिली. थोडे दिवस जातील आणि आवाज परत येईल असं वाटलं. मग दुर्पताबाई झाली, मग तो नातू. परवा पत्र लिहिताना मला उमगलं की मी तुला पाट्यांबद्दल विचारतच नाही आहे. तू ये म्हणतेय आणि भीती वाटतेय की पत्र वाचून तू येणार नाहीस. इंद्रकुमारला तू ओळख दिली नाहीस. मलाही देणार नाहीस कदाचित. पण त्यांना देशील.

काल पहाटे जोडून निघाले. देवरी, मग सीमेवरचा घाट, मग चिचोला. एवढ्या लांब मी कधी गाडी चालवली नव्हती. ट्रक अंगावरून जात होते. मागून एकदाही आवाज आला नाही. घाटात एका वळणावर माझा वेग चुकला तेव्हा ओढ लागली, हात धरल्यासारखी, आणि मी रडले, पण हळू केलं. चिचोल्याला चहा घेतला तेव्हा टपरीवाल्याने दोन कप ठेवले. मी म्हटलं, एकटीच आहे. तो म्हणाला, "अच्छा? पीछे बुजुर्ग बैठे हैं ना?" त्याने ट्रॉलीकडे पाहून म्हटलं नाही, माझ्याकडेही पाहून नाही. सहज म्हटलं. मी दोन्ही कपांचे पैसे दिले आणि दुसरा कप ट्रॉलीच्या दांड्यावर ठेवला. पाच मिनिटं. सांडला नाही. मग बांधावर ओतून टाकला.

रात्री इथे कोणा ओळखीच्यांकडे राहिले. आज उजाडताच तुझ्या दुकानासमोर आले.

तू घाबरू नकोस. मी घाबरले नाही असं नाही, पण माझी भीती आणि त्यांचं वजन यांची मला सवय झाली आहे. ते तुला ओरडणार नाहीत. ते काढून ठेवलेल्या पाट्यांकडे बघत होते तेव्हाचा त्यांचा चेहरा मी पाहिला आहे.

त्यांच्याशी तू काय बोलशील, कसं बोलशील, ते मला सांगता येत नाही. विसाव्याची जागा तुला माहीत आहे. आत गादी नीट घातली आहे. पलंगाचा अडकवा डाव्या बाजूला आहे, जरा घट्ट बसतो, खालून दाबावा लागतो. चाकांची हवा पाहिली आहे. येताना देवरीच्या पुढचा रस्ता खराब आहे, तिथे हळू ये.

दुकान उघडायच्या आत मी हे केलं आहे. तुझ्या शटरसमोर, पाट्यांच्या ढिगाच्या बाजूला, ट्रॉली मागे घेतली. साखळ्या सोडल्या. खटका उचलला. पिकअपचा मागचा भाग असा वर आला की मी दचकून मागे सरले, आणि ट्रॉलीचा टेकू मुरमात रुतत गेला. मग स्पॅनर घेऊन पिकअपवरचं हूक गोळ्यासकट उघडलं आणि ट्रॉलीच्या आत, गादीच्या पायथ्याशी ठेवून दिलं, बोल्टांसकट. आता ती मला परत नेता येत नाही. माझ्या गाडीला जोडायला काही उरलेलंच नाही. तुझ्या शेठची असेल ती गाडी घे, तुझ्या हाताने हूक बसव आणि तूच ती घरी आण.

हे पत्र समोरच्या चहावालीकडे देते आहे. ती म्हणाली, पहिला चहा तुझाच असतो.

पत्राच्या शेवटी वडिलांचे आशीर्वाद कळवायची पद्धत आहे. या वेळी कळवत नाही. ते स्वतः आले आहेत.

तुझी,
दुर्गेश्वरी